चौदा नंबरच्या पेटीतलं कार्ड

८ नोव्हेंबर २०००, बुधवार

कोण निवडून आलं ते अजून कुणालाच माहीत नाही!

काल टीव्हीनं आमचं फ्लोरिडा आधी उपाध्यक्षांना दिलं. मग परत घेतलं. मग टेक्ससच्या गव्हर्नरना, आमच्या पक्षाच्या उमेदवाराला दिलं. सकाळी मी नाश्त्याला ग्रिट्सचं, मक्याच्या लापशीचं, पाणी चढवलं तोवर तेही परत घेतलेलं! हॉइट टीव्हीपुढे, कालच्याच शर्टात. म्हणतो, "नेल, सतराशे मतांचा फरक. अख्ख्या राज्यात सतराशे! एवढी माणसं तर आपल्या चर्चच्या जेवणाला येतात." येत नाहीत. एकशे नव्वद येतात, ताटं मीच मांडते. पण आज नवऱ्याला दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता.

फरक इतका कमी, म्हणजे कायद्यानं सगळी कार्डं मशीनमधून पुन्हा काढायची. आमच्या सेमिहाची काउंटीतही. हॉइट रिपब्लिकन पक्षाचा इथला चिटणीस. दाढी न करताच पळाला.

प्रार्थना केली — ज्याला यायचं त्याला येऊ दे, पण लवकर येऊ दे.

१० नोव्हेंबर, शुक्रवार

मशीननं पुन्हा मोजलं. आमच्या काउंटीत गव्हर्नरची अकरा कमी झाली, उपाध्यक्षांची एकोणीस वाढली. राज्याचा फरक आता तीनशेच्या आसपास!

हॉइट टेबलावर मूठ आपटून, "कार्डं तीच, मशीन तेच. मग ही एकोणीस आली कुठून?"

कार्डांतूनच आली. नंबरावर टोचलं की कार्डाला भोक पडतं आणि भोकाची टिकली गळून जाते. टिकली लोंबकळत राहिली तर मशीनला भोक दिसत नाही. दुसऱ्यांदा फिरवताना ती गळली की मत दिसायला लागतं. एवढंच आहे. पण हे हॉइटला कोण सांगणार!

आता डेमोक्रॅटांनी अर्ज दिलाय — माणसांकडून मोजा. एकेक कार्ड हातात घेऊन, उजेडाला धरून.

ऐकलं आणि हातातली बशी सिंकमध्ये निसटली. फुटली नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार

हॉइट पक्षाच्या कचेरीत. घरात मी एकटी. लिहूनच टाकते.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघंही नऊ नंबरच्या केंद्रावर कामाला होतो, आणि आमची नावं चौदा नंबरला. म्हणून आधीच टपालानं मत दिलं. ऑक्टोबरात, याच टेबलावर बसून. कार्डावर नावं नसतात, नुसते नंबर. नावं पुस्तिकेत. हॉइटनं चष्मा लावला, पुस्तिका धरली आणि वाचलं, "राष्ट्राध्यक्ष — तीन." त्यानं टोचलं. मी टोचलं. सव्वीस वर्षं आमच्याकडे असंच चालतं. तो वाचतो, मी टोचते. त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

तेवढ्यात बागेतला पंप बंद पडल्याचा फोन आला. "बाकीचं तुझं तू टोच," म्हणून तो गेला. मी कार्डाकडे बघत बसले. तीन नंबर मला नको होता. का नको होता ते इथंही लिहिणार नाही. त्यावर मी दोन आठवडे प्रार्थना केली होती. ते देवाला ठाऊक, मला ठाऊक. पुरे.

सूचनेत छापलं होतं — कार्ड चुकल्यास कचेरीतून नवीन मागवा. नवीन येणार टपालानं, आणि पेटीतलं टपाल हॉइट काढतो. शिवाय एवढ्याशा भोकासाठी अख्खं चांगलं कार्ड फेकायचं? माझा हात धजेना. मी फॉइलसुद्धा धुऊन परत वापरते! टिकली टेबलावरच पडली होती. सुईच्या टोकानं उचलली, भोकात बसवली, ड्रॉवरमधली पारदर्शक चिकटपट्टी वरून लावली, नखानं दाबली. आणि पाच टोचला. पाच म्हणजे उपाध्यक्ष.

इतकी साफ बसली होती की मशीनलाही कळलं नाही. दोनदा!

पण आता माणसं बघणार, आणि पट्टी कुणाची ते शोधणार. पाप नाही केलं मी. लपवलं, एवढंच.

१३ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज मंजूर. हातानं मोजणी. आणि हॉइटनं आमच्या पक्षातर्फे मोजायला माझंच नाव दिलं — मला न विचारता! "तुझ्याइतकं नीटनेटकं काउंटीत कोण आहे? तुझ्या डोळ्यांदेखत त्यांना एक टिकली इकडची तिकडे करता येणार नाही."

नाही कसं म्हणू? काय कारण देऊ?

१४ नोव्हेंबर, मंगळवार

जत्रेच्या मैदानावरचा हॉल. एरवी इथं गायींचं प्रदर्शन भरतं, वास अजून आहे. आठ टेबलं. प्रत्येकाला दोघं — एक त्यांचं, एक आमचं. एकानं कार्ड उजेडाला धरायचं, दुसऱ्यानं लिहायचं. पाठीमागे दोन्ही पक्षांचे निरीक्षक, आमच्यामागे हॉइट. त्यांनी बघायचं, हात लावायचा नाही. दोघांचं जुळलं नाही की कार्ड मंचावर मंडळाकडे. मंडळात तिघं — जज्ज थॅगर्ड, निवडणूक अधिकारी बाई आणि काउंटीचे अध्यक्ष.

शिकवायला आलेल्या बाईंनी टिकल्यांचे प्रकार सांगितले. एका कोपऱ्यानं लोंबणारी. दोन कोपऱ्यांनी. नुसती खळी पडलेली. आणि पोट फुगलेली — तिला म्हणे 'गरोदर' म्हणतात! सुटाबुटातले वकील गंभीरपणे वहीत लिहून घेत होते — गरोदर. माझ्या जोडीदारीण बाई पुटपुटल्या, "बाप कोण ते विचारा कुणीतरी." मला हसू आवरेना. हॉइटनं मागून खांद्याला बोट लावलं तेव्हा गप्प झाले.

या मिस ओडेसा प्रूट. डेमोक्रॅटांच्या. वय अडुसष्ट. एकतीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत होत्या, आता शनिवारी ग्रंथालयात मोठ्या माणसांना वाचायला शिकवतात. बसायला घरून उशी आणलीय. चष्म्याची एक दांडी चिकटपट्टीनं बांधलेली. पाहूनच आपलेपणा वाटला — एका दांडीसाठी नवा चष्मा कोण घेतं!

१५ नोव्हेंबर, बुधवार

"ही खळी आहे, मिस नेल्डा."

"हा छपाईचा डाग आहे, मिस ओडेसा."

"डागाला गालावर खळी पडते होय? बघा तरी."

असं दिवसभर. पण भांडण नाही हो. बाकीच्या टेबलांवर खुर्च्या सरकवून उठताहेत. सकाळी सहा नंबरवर एकानं दुसऱ्याच्या अंगावर कॉफी सांडली, चुकून म्हणे. आमच्याकडून मंचावर फक्त चार कार्डं गेली.

दुपारी त्या म्हणाल्या, "तुमचे यजमान माझ्या मानेवर श्वास सोडतात. त्यांना पुदिन्याची गोळी द्या, हवी तर मी देते." खरंच दिली. हॉइटनं घेतलीही! घेऊन दोन पावलं मागे सरकला.

त्यांना मी आवडले असं वाटतं. मला त्या आवडल्या. संध्याकाळी ट्रकमध्ये हॉइट, "फार खिदळू नकोस तिच्याबरोबर. लोक बघतात."

१६ नोव्हेंबर, गुरुवार

सहाशे बारा कार्डं. डोळे चुरचुरतात. चौदाची टपाली पेटी अजून आली नाही.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

चूक माझी. आधी तेवढं लिहिते.

जेवणानंतर कचेरीचा माणूस हातगाडीवर पेट्या घेऊन आला. वरच्या पेटीवर चिठ्ठी — '१४, टपाली'. तो सहा नंबरच्या टेबलाकडे वळला. तिथली दोघं प्रत्येक कार्डावरून ओरडतात. मला वाटलं, आपल्याच हाताखालून गेलं तर पटकन पाचच्या गठ्ठ्यात सरकवता येईल. मी म्हटलं, "आमचं टेबल रिकामं आहे, इकडे द्या." त्यानं दिली.

आणि पाळी मिस ओडेसांची निघाली! प्रत्येक पेटीला पाळी बदलते, ते घाबरलेल्या डोक्यात राहिलंच नाही. त्या उजेडाला धरणार, मी लिहिणार. एकेक रेघ ओढत मी मान खाली घालून बसले.

"अगं बाई, हे बघा," त्यांचा आवाज. "कुणीतरी ठिगळ लावलंय." आणि कार्ड वर धरलं. चांगलं उंच. लपवायचं असतं तर असं कोणी धरेल का?

अटलांटाहून आमच्या पक्षाचा वकील आलाय, प्रेस्कॉट. तो किंचाळला, "हात तिथंच! कोणी हलू नका!" वीस माणसं गोळा झाली. तीनवर पट्टी, पाच उघडा. म्हणजे गव्हर्नरचं मत झाकलं आणि उपाध्यक्षांना टोचलं. कोणी? कधी? इथंच, या टेबलावर!

हॉइट माझ्या खुर्चीमागेच होता. त्यानं बोट केलं. "त्यांच्या चष्म्याला काय लावलंय ते बघा. पर्स बघा."

मिस ओडेसांनी स्वतःच पर्स उलटी केली. रुमाल, रक्तदाबाच्या गोळ्या, छोटं बायबल, पुदिन्याच्या गोळ्या — आणि चिकटपट्टीचं रीळ. "एकतीस वर्षं टपालात काढली," त्या म्हणाल्या. "पट्टी घेतल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही." कोणी हसलं नाही.

मग माझ्याकडे वळल्या. "मिस नेल्डा, तुम्ही समोर होतात. सांगा ना यांना, माझे हात कुठे होते ते."

मी म्हटलं, "मी — मी त्यांना काही करताना पाहिलं नाही."

"केलं नाही, की तुम्ही पाहिलं नाही, मॅम?" प्रेस्कॉट.

माझ्या आधी हॉइट बोलला. "माझी बायको लिहीत होती. मान खाली होती तिची."

खाली होती. खरं आहे.

शेरीफच्या माणसानं चष्मा पुरावा म्हणून काढून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला. मिस ओडेसा खुर्च्यांना हात लावत लावत दाराकडे गेल्या. मोजणारे आम्ही सोळा, त्यांत कृष्णवर्णीय बायका दोन. पर्सा सगळ्या बायकांजवळ होत्या. तपासली ती एकच.

आणि मी तिथं बसून राहिले! हातात पेन्सिल घेऊन.

१८ नोव्हेंबर, शनिवार

वर्तमानपत्रात मिस ओडेसांचा फोटो, चष्म्याशिवाय. ओळखूच येईनात. मतपत्रिकेशी छेडछाड — गुन्हा सिद्ध झाला तर पाच वर्षांपर्यंत. शुक्रवारी मंडळापुढे सुनावणी, मग सरकारी वकील ठरवणार.

हॉइट टोस्टला लोणी लावत, "ज्यानं हे केलं त्याची जागा तुरुंगात आहे."

"ज्यानं?" मी विचारलं.

"जिनं," तो म्हणाला.

१९ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये आमचे पाद्री ब्रदर कॉब यांनी प्रार्थना केली की अंधारात काम करणारे हात प्रभूनं उजेडात आणावेत. सगळे मोठ्यानं 'आमेन' म्हणाले. मीही म्हटलं — ओठ आपोआप हलले.

बाहेर हॉइटच्या पाठीवर थापा. मिसेस कॉब माझ्या कानाशी, "तुझ्या शेजारी बसायची ना गं ती? मला तर झोपच लागली नसती!"

"समोर," मी म्हटलं. "शेजारी नाही, समोर."

"तेच ते."

आमच्या चर्चमधले काही जण उपाध्यक्षांना मत देणारे आहेत, हे मला पहिल्यांदा आज कळलं. कसं, तर ते आज आलेच नाहीत. क्रॉफर्ड कुटुंब नाही. म्हातारे मिस्टर डीस नाहीत. तीस वर्षं त्यांची जागा ठरलेली.

२० नोव्हेंबर, सोमवार

हॉइटनं प्रतिज्ञापत्र आणलं, टाइप केलेलं. प्रेस्कॉटनं बनवलंय. तीनच ओळी — मी, नेल्डा टर्नेज, टेबल क्रमांक चारवर काम करत होते. त्या वेळी मी खाली मान घालून आकडे लिहीत होते. मिस ओडेसा प्रूट यांचे हात मला दिसत नव्हते.

चार वेळा वाचलं. एक शब्द खोटा नाही! म्हणूनच भीती वाटते. खोटं असतं तर तोंडावर नाही म्हटलं असतं.

"शुक्रवारच्या आत सही कर," हॉइट म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, "नेल, तुला फार बोलावं लागू नये म्हणूनच हे केलंय. कागद दिला की झालं. कोणी तुला उलटसुलट विचारणार नाही." ट्रकमधून माझ्यासाठी गरम कॉफी आणली होती, साखर बरोबर एक चमचा. असा आहे तो. वाईट माणूस नाही.

सांगितलं तर काय होईल ते मोजून पाहिलं. हॉइट या काउंटीत मान वर करून फिरतो ते पक्षामुळे. बायकोनंच पाच टोचला! आणि तोही हॉइट टेबलावरून उठल्याबरोबर! तो मला मारणार नाही, ओरडणारही नाही. पण पुन्हा टेबलावर माझ्यासमोर पुस्तिका धरून बसणार नाही. कशावरच विश्वास ठेवणार नाही.

नाही सांगितलं तर मिस ओडेसा.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

राज्याच्या न्यायालयानं मुदत वाढवली — रविवार, संध्याकाळी पाच. सही केली नाही. कागद पीठाच्या डब्याखाली ठेवलाय.

२२ नोव्हेंबर, बुधवार

लिंबाचा केक केला आणि रुळांपलीकडे मिस ओडेसांच्या घरी गेले. हॉइटला सांगितलं, बाजारात जाते.

त्या व्हरांड्यात होत्या. डोळ्यांवर जुनाच कुठला तरी चष्मा, काचा पिवळ्या. मला ओळखायला वेळ लागला. मग केककडे पाहिलं. "माणूस गेलं की केक आणतात, मिस नेल्डा. मी अजून जिवंत आहे."

 ताट धरून उभी.

"बसा. घाबरू नका, पर्स आत आहे."

बसले. ग्रंथालयानं कळवलंय, निकाल लागेपर्यंत शनिवारी येऊ नका. त्यांच्या वर्गात चौपन्न वर्षांचा एक ट्रक ड्रायव्हर आहे, कालच पहिल्यांदा मुलीचं पत्र स्वतः वाचलं म्हणे, आणि ते त्यांना फोनवर ऐकवायला लागलं. बायबलची अक्षरं या चष्म्यानं दिसत नाहीत. जेवढं पाठ आहे तेवढं म्हणतात.

"तुम्ही काय सांगणार शुक्रवारी?" त्यांनी सरळच विचारलं.

"मान खाली होती माझी," मी म्हटलं. देवा, हेच म्हटलं!

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ज्यानं कुणी ती पट्टी लावली, त्याचा मला राग नाही. चुकलं असेल बिचाऱ्याचं, दुरुस्त केलं. आणि काम साफ होतं हं. घाईचा हात नव्हता."

मी उठले. केक तिथंच ठेवला. पायरीवर पाय अडखळला.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंग. टर्की, कॉर्नब्रेड, रताळी. ब्रदर कॉब आणि मिसेस कॉब जेवायला. जेवणाआधी प्रत्येकानं कशाबद्दल आभार ते सांगायचं. ब्रदर कॉब — या देशाबद्दल. मिसेस कॉब — नातवाबद्दल. हॉइट — "माझ्या बायकोबद्दल. उद्या ती एक चांगलं काम करणार आहे."

माझी पाळी. मी म्हटलं, "जेवणाबद्दल."

टर्की कोरडी झाली होती. सगळे म्हणाले, छान झालीय.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

बिनसहीचा कागद पर्समध्ये घेऊन गेले. हॉइटला वाटलं सही झालीय. तो तिसऱ्या रांगेत, टोपी गुडघ्यावर. मिस ओडेसा पहिल्या रांगेत, पिवळ्या चष्म्यात. माझं नाव पुकारलं. उजवा हात वर केला. आवाज कसा कोण जाणे ठीक निघाला.

"ते कार्ड माझं आहे. पट्टी मी लावली. घरी, ऑक्टोबरात. मिस ओडेसांनी फक्त उजेडाला धरलं."

 एकदम सगळेच बोलायला लागले! जज्ज थॅगर्डनी दोनदा हातोडा आपटला. "मिसेस टर्नेज, तुमचंच कशावरून? कार्डावर नाव नसतं."

"बाकीची भोकं मी सांगते. तुम्ही ताडून बघा."

सांगितली. शाळामंडळाला एकशे बारा. वेगवान रेल्वेच्या ठरावाला नको. ग्रंथालयाच्या करवाढीला हो — हॉइटनं या कराविरुद्ध घरोघर पत्रकं वाटली होती. शेरीफच्या जागेला कुणालाच नाही. दारातला शेरीफचा माणूस स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला, मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. जज्जसाहेब कार्ड दिव्यासमोर धरून ओठ हलवत एकेक नंबर बघत गेले. "जुळतंय," म्हणाले.

मग वकिलांची गंमत! आठ दिवस प्रेस्कॉट ओरडत होता — मतदाराच्या मनात काय होतं ते कुणाला कळणार, कार्ड काय म्हणतं ते बघा. आज म्हणतो, मन बघा! बाईंनी आधी तीन टोचलं, तेच खरं मन! आणि डेमोक्रॅटांची वकीलबाई, आठ दिवस मनाबद्दल बोलत होती, ती आज म्हणते भोक बघा, भोक! जणू दोघांनी एकमेकांचे कोट घातले.

"तीन तुम्ही स्वतःच्या हातानं टोचलंत ना, मॅम?"

"हो."

"कोणी जबरदस्ती केली?"

"नाही. हॉइटनं वाचलं, मी टोचलं."

"मग ते मत तुमचंच नव्हे का?"

"पहिलं भोक हॉइटचं होतं," मी म्हटलं. "दुसरं माझं."

त्यानंतर मी कुणाकडे पाहिलं नाही.

मंडळाचा निर्णय — दोन विरुद्ध एक. कार्ड पाचच्या गठ्ठ्यात गेलं. साठ लाख मतांच्या राज्यात माझ्या एकटीच्या मतावर दोन तास! मिस ओडेसांवरचा आरोप मागे. चष्मा पिशवीतून काढून दिला. त्यांनी स्वतःच्या रुमालानं पुसला, डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे पाहिलं — आणि निघून गेल्या. सात दिवस मी त्यांना तसं बसवून ठेवलं होतं. 

हॉइटनं ट्रकचं दार माझ्यासाठी उघडलं, नेहमीसारखं. घरापर्यंत एक शब्द नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

"कॉफी?" — मान हलवली. "जेवायला वाढू?" — मान हलवली. एवढंच.

फोन वाजतोय. पक्षातल्या एका बाईनं नाव न सांगता सुनावलं, "तुझ्या नवऱ्याला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस." ठेवला फोन.

२६ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये आमच्या बाकावर आम्ही दोघंच. एरवी सहा बसतात. रविवारच्या बालवर्गाच्या यादीतून माझं नाव काढलंय. मिसेस कॉब म्हणाल्या, "तुला जरा विश्रांती, बाकी काही नाही."

पाच वाजता मुदत संपली. गव्हर्नर पाचशे सदतीस मतांनी पुढे. माझं मत धरून. हॉइट टीव्हीसमोर उभा होता. टाळी वाजवली नाही, काही नाही. बंद केला आणि बागेत गेला.

डेमोक्रॅट म्हणताहेत, अजून कोर्टात जाऊ.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

मिस ओडेसांनी केकचं ताट परत पाठवलं. घासूनपुसून. रिकामं.

३० नोव्हेंबर, गुरुवार

हॉइट पाहुण्यांच्या खोलीत झोपतो. शर्टांना इस्त्री करून ठेवते, तो घालतो. देवाजवळ मागितलं — त्याला राग येऊ दे, ओरडू दे, पण बोलू दे. मी त्याला फसवलं. माफी मागायला माझं तोंड आहे, त्याचे कान मिळू देत.

३ डिसेंबर, रविवार

नाश्त्याला तो बोलला. नवव्या दिवशी. अंड्यांवर मिरी टाकत, माझ्याकडे न बघता.

"तू पट्टीचं एक टोक दुमडतेस. पुन्हा काढून वापरता यावी म्हणून. फ्रीजरमधल्या प्रत्येक पुडक्यावर तसंच असतं."

"मग?"

"मग काय. तिनं कार्ड वर धरलं तेव्हाच मी ओळखलं."

तेव्हाच. म्हणजे, "पर्स बघा" म्हणाला, त्याच्या आधी.